कळव्याची शेंदरी सुसर

१

धुळवडीच्या सकाळी सगळं कळवा तोंड रंगवून हिंडत होतं, आणि मंजुळा शेलारच्या तोंडावरचा होता तोही रंग उडाला होता. ती कारखान्याच्या शेडच्या दारात उभी होती. शेड रिकामी होती.

"काका, सुसर नाहीये," ती म्हणाली.

सुभेदार चांगदेव वाघचौरे नखशिखांत गुलालात माखून आले होते. पलटणीतून रिटायर होऊन कळव्यात स्थायिक झालेला हा माणूस अंगाने दांडगा आणि हसायला मोकळा. फौजेत त्यांचं काम एकच : अडकलेलं बाहेर काढायचं. रणगाडा रुतला, ट्रक घसरला, तोफ नदीत बसली, की बोलवा चांगदेवला. आता ते 'सागरगती इंजिनिअरिंग' नावाच्या खाडीकाठच्या कारखान्यात चाचण्या बघायचे. तिथेही काम तेच.

कारखान्यात चाललं होतं ते मात्र नवं होतं. साल एकोणनव्वद. दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं, की उद्याच्या काळात खाडी आणि दलदलीच्या मुलखात हॉवरक्राफ्टच्या पलटणी लागतील. हॉवरक्राफ्ट म्हणजे हवेच्या गादीवर चालणारी होडी. पोटाखाली पंख्याने हवा कोंडायची, भोवती रबरी घागरा, की पाणी असो नाहीतर चिखल, ती सुसाट सुटली. पण पंखा बंद पडला तर? मग ती चिखलावर पोट टेकून बसते आणि चिखल तिला असा चोखून धरतो की बैल लावा, ट्रक लावा, हलायची नाही. तिची सुटका कशी करायची, एवढं शोधून काढायचं काम सागरगतीकडे आलं होतं. जी पलटण अजून जन्मली नाही, तिच्या फुटलेल्या गुडघ्यावरचं मलम आधी तयार करायचं! सुभेदार हे कुणालाही सांगताना खदखदून हसायचे.

ते मलम मंजुळेने शोधलं होतं. डोंबिवलीहून रोज येणारी ही सडसडीत इंजिनिअर पोरगी वर्षभर चिखलाशी झटापट करत होती. तिने सागवानी फळ्यांची एक लांबोडकी, चपटी घसरगाडी आखली. नाक वर उचललेलं, पोट गुळगुळीत. एका माणसाने दोरी धरून चिखलावरून ओढत न्यायची, नाक अडकलेल्या होडीच्या पोटाखाली सरकवायचं, नाकावरच्या चपट्या रबरी पिशवीत पंपाने हवा भरायची. पिशवी फुगली की होडी उचलली जाते, चिखलाची पकड सुटते. कारखान्यातल्या लोकांनी त्या घसरगाडीला बघताक्षणी नाव दिलं, सुसर.

उद्या संध्याकाळच्या ओहोटीला फौजेचे लोक चाचणी बघायला येणार होते. पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं आणि चिखल सगळ्यात जास्त उघडा पडतो, म्हणून ही तारीख. सुसर चालली तर मंजुळेचं काम पुढे जाणार. सुसर नसली तर फाईल बंद, आणि परदेशातून क्रेन मागवणार. दुसरी सुसर बनवायला वेळच नव्हता.

"काय झालं? काय झालं?" करत मॅनेजर सबनीस आले. सणाच्या दिवशीही कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. रिकामी शेड बघून त्यांना दुःख झालं म्हणावं, तर तसं काही दिसेना. "गेली ना होळीत? मी सांगत होतो. ती फळकुटं भंगारात घाला म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी. असली कामं लाकडाने होत नसतात, मिस शेलार. आणि ही चोरी कुणाची ते मला विचारायची गरज नाही. भिंतीपलीकडे कोळीवाडा आहे. मी पोलिसांना फोन करतो."

काही हरवलं की बोट आधी कोळीवाड्याकडे. कारखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक त्या खाडीवर जगत आलेत. त्यांच्या अंगणाला भिंत घातली कारखान्याने, आणि चोर ते! असल्या इस्त्रीच्या माणसांच्या तोंडात धुळवडीला चिखल कोंबायची सोय पाहिजे.

सुभेदारांनी तसं काही केलं नाही. ते नुसतं म्हणाले, "साहेब, संध्याकाळपर्यंत फोन करू नका. अडकलेल्या गाडीला सरळ हिसका दिला की ती आणखी आत जाते. आधी बघू द्या, कशात अडकलंय."

"जळून गेलेलं काय बघणार?"

"तेच बघतो," सुभेदार म्हणाले. "जळलीय का ते."

२

कोळीवाड्यातली होळी अजून धुमसत होती. भोवती ढोल, पिचकाऱ्या आणि नाथा. नाथा म्हणजे मनुबाईचा नातू, वाड्यातल्या तरुणांचा म्होरक्या, स्वतःची होडी चालवणारा पंचविशीतला गडी. डोक्यापासून पायापर्यंत हिरवा झालेला.

"या सुभेदार! या!" त्याने आधी मूठभर हिरवा त्यांच्या मिशीला चोपडला आणि मग विचारलं, "काय काम काढलं?"

"काल रात्री लाकडं कुठून कुठून आणली रे?"

नाथाची छाती फुगली. मित्र गोळा झाले. कोण आधी सांगतो अशी चढाओढ लागली. रेशनवाल्याचं मोडकं स्टूल. शाळेमागची शिडी. पुलाखालचे दोन वासे. आणि मग नाथाने आवाज चढवून मुकुटातला हिरा काढला : "सबनीस साहेबांच्या बंगल्याच्या झोपाळ्याची फळी! सागवानी. काय पेटली म्हणून सांगू सुभेदार, एकदम झक्कास!"

सुभेदार पोट धरून हसले. मागे उभ्या मंजुळेलाही हसू आवरेना.

"आणि आमची सुसर?"

नाथाचं हसू थांबलं. "सुसर? नाय. आईशप्पत नाय. तिला न्यायचं आमच्या मनात होतं, खोटं कशाला बोलू? भिंतीवर चढून बघितलेलं पण दुपारी. संध्याकाळी गेलो तर शेड खाली."

"खाली?"

"एकदम खाली. आमी बोललो, हुशार निघाले कारखानावाले, आधीच लपवली."

सुभेदारांनी काठीने राख उपसायला सुरुवात केली. बिजागऱ्या निघाल्या, खिळे निघाले, झोपाळ्याच्या जाड कड्या निघाल्या. सुसरीला अंगठ्याएवढे लोखंडी बोल्ट होते, पाठीवर दोन रांगांनी. त्यातला एकही निघाला नाही.

"बघ पोरी," ते मंजुळेला म्हणाले, "होळीच्या चोरीला लपवाछपवी नसते. जो चोरतो तो गावभर मिरवतो, आणि ज्याचं गेलं तो चार शिव्या हासडून गप्प बसतो. ही पोरं मॅनेजरचा झोपाळा जाळल्याचं मॅनेजरच्या माणसाला सांगतायत. मग सुसर कशाला लपवतील? उलट वरातच काढली असती तिची."

"म्हणजे ती आहे?" मंजुळेचा आवाज पहिल्यांदा उजळला.

"आहे. आणि संध्याकाळच्या आधीच गेलीय. ज्याने नेली तो तोंड शिवून बसलाय. तो होळीवाला नाही. आपल्यातलाच कुणीतरी आहे."

३

सुभेदारांनी तीन माणसांना गाठलं. शेडशी संबंध असलेले एवढेच.

पहिला वॉचमन सीताराम. रत्नागिरीकडचा, पापभीरू, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. फाटकाजवळच्या स्टुलावर बसून रडत होता. कुणी रंग लावला तर रंगासकट रडत होता.

"हाताला काय झालं सीताराम?"

"लागलं साहेब. पत्रा लागला."

"सुसर कधी बघितलीस शेवटची?"

"दुपारी होती हो. देवाशप्पत होती. मग... मग मला काय ठाऊक नाय. माझी नोकरी गेली साहेब. माझ्या भरवशावर ठेवलेली वस्तू."

सुभेदारांनी त्याला चहा आणून दिला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिले. चिखलात रुतलेल्या चाकाखाली आधी थोडी हवा जाऊ द्यावी लागते. थोड्या वेळाने सीताराम आपणहून पुटपुटला, "वाचवायला गेलो नि..." आणि पुढचं गिळून टाकलं.

दुसरी मनुबाई. भिंतीला लागूनच तिची जाळी ठेवायची झोपडी होती. मासळी बाजारात तिचा आवाज पुलापलीकडे जायचा. आज ती धुळवड सोडून दारातच बसली होती, दोन्ही हात पदराखाली.

"मनुबाय, काल इकडे काही बघितलंस?"

"मना कनाला विचारतस? मी काय तुमचे कारखान्याची वॉचमन हाय?"

"चिडतेस कशाला? सहज विचारलं."

"सहज! सबनीस आमचे पोरांवर पोलीस घालतो, आन तू सहज विचारतस? माजा नाथा चोर नाय. आयकलंस? चोर नाय माजा नाथा!"

"अगं, मी नाथाचं नाव तरी घेतलं का?"

मनुबाई एकदम गप्प झाली. असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नसावं.

तिसरा धोंडीबा सुतार. साताऱ्याकडच्या डोंगरातला हा माणूस, सुसरीची फळीन् फळी त्याच्या हातची. मंजुळेने कागदावर आखली ती त्याने लाकडात उतरवली. सुभेदारांना वाटलं होतं हा कोलमडून पडला असेल. तर धोंडीबा वर्कशॉपमागे हलगीवर नाचत होता!

"धोंडीबा, सुसर गेली."

"आयकलं की सुभेदार. लई वाईट झालं," धोंडीबा म्हणाला आणि नाचायला लागला.

"तू शेवटची कधी बघितलीस?"

"परवा. काल म्या कल्याणला गेलतो, ती रबरी पिशवी आणाया. सांजच्याला आलो, पिशवी हापिसात ठिवली आन् थेट घरला. शेडीकडं फिरकलोच न्हाई."

आणि सबनीस? ते ऑफिसात पंखा लावून बसले होते आणि गुणगुणत होते. सुभेदारांच्या मनात आलं, हाच. सुसर नको होती ती याला. भंगारात घाला म्हणाला तोही हाच. मिश्यांवर गुलाल होता, पण मनात संशय चढला तो सबनीसांचाच. पण नुसतं मनात येऊन काय उपयोग? पुरावा पाहिजे.

ते पाण्याच्या पिंपाजवळ आले. मंजुळा तोंडहात धूत होती. नाथाच्या हिरव्याने तिलाही सोडलं नव्हतं. साबणाने हिरवा गेला, गुलाल गेला, पण तिच्या बोटांच्या पेरांत शेंदरी रंग तसाच राहिला.

"हा कुठला गं रंग? जात नाही तो?"

"हा धुळवडीचा नाही काका. सुसरीचा आहे. चिखलात लांबून दिसावी म्हणून काल दुपारी मीच तिला शेंदरी रंग दिला. ऑइलपेंट. पाण्याने थोडाच जातोय? शिवाय खाडीची दमट हवा, काल रात्रीपर्यंत तरी चिकटच असणार."

सुभेदार तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी असा काही आवाज काढला की पलीकडच्या तिवरांच्या झाडीतले बगळे उडाले.

"शेवंती!" त्यांनी घराच्या दिशेने बायकोला हाक मारली. "मटण वाढव! सगळ्यांना जेवायला बोलावतोय!"

४

धुळवडीचं मटण आणि शेवंतीबाईंच्या हातचं, म्हणजे कुणी नाही म्हणायची सोयच नव्हती. वर्कशॉपसमोर सतरंज्या पडल्या. नाथाची टोळी आली. धोंडीबा आला. सीताराम ओढून आणावा लागला. मनुबाई "मना भूक नाय" म्हणाली, तर शेवंतीबाई स्वतः जाऊन तिला दंडाला धरून घेऊन आल्या. सबनीसही आले, झोपाळ्याची बातमी कानावर गेलेली असल्यामुळे तोंड आंबट करून.

"माझ्या घरचा नियम आहे," सुभेदार गरजले. "हात धुतल्याशिवाय ताट नाही. मी स्वतः बघणार. साबण इथे, पाणी इथे. चला."

रांग लागली. हिरवं, गुलाबी, जांभळं पाणी नालीतून वाहायला लागलं. नाथाचे हात स्वच्छ निघाले. त्याच्या साऱ्या दोस्तांचे स्वच्छ. सबनीसांचे तर आधीपासूनच स्वच्छ होते, तरी त्यांनी नाक मुरडत धुतले. शेंदरी ठिपकाही नाही. सुभेदारांना खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पण न्याय म्हणजे न्याय.

"सीताराम, फडकं काढ."

"साहेब, लागलंय..."

"काढ."

फडकं सुटलं. जखम नव्हतीच. तळहात शेंदरी. आणि रॉकेलचा भपकारा, चोळचोळून घासल्याचा.

"सीताराम!" मंजुळा किंचाळली. "तू?"

"थांब," सुभेदार म्हणाले. "मनुबाय, हात."

मनुबाईने पदराखालून हात काढले. पाण्याखाली धरले. दोन्ही तळवे शेंदरी. नाथाचा घासच अडकला, ताट वाढलेलं नसताना. "आजे! तुज्या हाताला कुठनं?"

"आता धोंडीबा."

धोंडीबाने हसत हसत हात पुढे केले. गुलाल धुऊन गेला. खाली कोपरापर्यंत शेंदरी.

हलगीवालाही थांबला.

"तिघं," सबनीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद मावेना. "टोळी आहे ही! टोळी! मी आत्ताच्या आत्ता फोन..."

"खाली बसा साहेब," सुभेदार म्हणाले. "चोर तीन सापडले खरे. पण चोरी एकही झालेली नाही."

५

सुभेदारांनी सीतारामच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळी तू म्हणालास, वाचवायला गेलो नि. कशापासून वाचवायला? होळीपासून. दुपारी ही पोरं भिंतीवरून बघून गेली. तुला वाटलं, रात्री नेणार. म्हणून तू सुसर ओढत नेलीस. एकटाच. ती एकट्यानेच ओढायची आहे. कुठे नेलीस, ते सांगू का? पोरं जिथे हात लावायची हिंमत करणार नाहीत अशी जागा एकच. मनुबाईची झोपडी."

सीतारामचे डोळे विस्फारले. "जाळ्यांखाली घातली साहेब. हिला विचारलं असतं तर हिने भांडून गाव गोळा केलं असतं, म्हणून नाय विचारलं. मग तासाने बघायला गेलो, तर नाय! माझ्या हातून गेली हो!"

"आणि मनुबाय," सुभेदार वळले, "तू जाळी काढायला गेलीस तर खाली ही लांबोडकी. तुला काय वाटलं? नाथाने चोरून आणून आजीकडे लपवली, रात्री होळीत घालायला. होय ना? सकाळी मी नाथाचं नाव न घेता तू त्याचं नाव घेतलंस."

"मग काय करू?" मनुबाई उसळली. "कारखान्याची वस्तू! पोलीस आला असता, तर सबनीसनं पोऱ्याला आत टाकला असता. मी आन माजे सुनंनं ओढली आन खाडीचे अंगानं गुपचूप तुमचे मागचे आवारात ठेवून दिली. परत दिली मी! चोरली नाय!"

"आजे," नाथा म्हणाला, "मना एकदा विचारायचं तरी!"

"तू काय खरं बोलला असतास?"

"बोललो असतो!"

"जा मेल्या! झोपाळा जालतोस आन खरं बोलतोस!"

हशा पिकला. सीतारामही रडता रडता हसला.

"मागच्या आवारात कुठे ठेवलीस?" सुभेदारांनी विचारलं.

"भिंतीला. तो लोखंडाचा ढीग हाय ना, तिथं."

"भंगाराच्या ढिगाजवळ," सुभेदार म्हणाले आणि धोंडीबाकडे वळले. "आणि कल्याणहून येऊन तुला काय दिसलं? तुझी सुसर, ताज्या रंगाची, भंगारात! सबनीस साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, भंगारात घाला. तुला वाटलं, तू नसताना त्यांनी खरंच घातली. उद्या भंगारवाला येऊन नेणार. म्हणून तू उचललीस आणि कुणालाही सांगितलं नाहीस. मंजुळेलाही नाही."

"बाईंच्या तोंडावर समदं दिसतं," धोंडीबा म्हणाला. "त्यास्नी सांगितलं असतं तर मॅनेजरला पत्ता लागला असता. उद्या चाचणीच्या येळेला काढणार व्हतो. पर सुभेदार, तुमास्नी माझा संशय कसा आला? रंग दिसायच्या आधीच?"

"तू नाचत होतास. ज्याचं पोर हरवलंय तो बाप हलगीवर नाचत नाही. ज्याला पोर कुठे झोपलंय ते ठाऊक आहे, तोच नाचतो."

मंजुळा उठली आणि तिने धोंडीबाच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग त्याच पाठीवर डोकं टेकून हसली. "कुठे आहे ती? दाखव आधी!"

"या की!" धोंडीबा रुबाबात निघाला. "अशी जागा हाय, न होळीवाल्याला सापडंल न मॅनेजरला. धक्क्याच्या बुडाला! काल सांजच्याला पानी आत गेलतं. चिखलात ठिवली, वर धोंडा ठिवला, आन् धक्क्याच्या खुंटीला काथ्यानं आवळून बांदली. हालायची टाप न्हाई."

मनुबाईची पावलं थांबली. "काल सांजचे? ओहोटीला बांधलीस? खुंटीला आवळून?"

"व्हय."

"पुनवेला?"

तोवर सगळे धक्क्यावर पोचले होते. दुपारची भरती उलटून पाणी उतरायला लागलं होतं. खुंटीला काथ्याचा तुकडा लोंबत होता. टोक तुटलेलं. सुसर नव्हती.

६

"अरे देवा," धोंडीबाने काथ्याचं तुटकं टोक मुठीत धरलं.

"घाटावरचा तो घाटावरचाच!" मनुबाईचा आवाज परत पुलापलीकडे जायला लागला. "पुनवेचे उधाणाला मानूस होडी ढिली बांधतो, पानी चढंल तशी ती चढंल म्हणून. ह्याने शेळी बांधल्यासारखी आवळली! मधरातचे उधाणानं लाकूड वर उचललं, काथ्या किती धरंल? तटकन तुटला!"

"म्हणजे समुद्रात गेली?" मंजुळेचा आवाज चिरकला. सगळ्यांनी वाचवलेली सुसर सगळ्यांनी मिळून घालवली होती. रागवायचं तरी कुणावर?

सबनीस गालात हसले. "चला. म्हणजे उद्याची चाचणी रद्द कळवू ना मी?"

"तुम्ही मटण खा साहेब," सुभेदार म्हणाले. "मनुबाय, रात्रीच्या उधाणाने उचललेलं लाकूड जातं कुठे?"

"पहाटेची ओहोटी ओढून नेते खाली. पन पुलाचे अलीकडं खाडी वळते, तिथं तिवरांची गर्दी हाय. ह्या धक्क्यावरून सुटलेलं समदं तिथंच अडतं. दुपारचे भरतीनं हललं नसंल, तर तिथंच."

"नाथा!"

नाथा हाक ऐकायला तिथे नव्हताच. त्याने आणि दोस्तांनी होडी कधीच पाण्यात लोटली होती, ढोलासकट. सुभेदारांनी ऑफिसातून रबरी पिशवी, नळी आणि पंप उचलून होडीत फेकला, मागून स्वतः उडी मारली. मंजुळा त्यांच्या आधीच बसली होती. धोंडीबाला पाण्याची भीती वाटायची, पण तोही चढला. मनुबाईने त्याला कॉलरला धरून मधोमध बसवलं. "हालू नको. आता तुला बांधते मी, आवळून."

वळणावर पोचेपर्यंत पाणी बरंच उतरलं होतं. तिवरांच्या हिरव्या भिंतीसमोर काळा, चकचकीत चिखल उघडा पडत होता. आणि त्या काळ्यात एक शेंदरी ठिगळ.

"ती बघा!" मंजुळा ओरडली, आणि नाथाच्या ढोलाने कान फोडले.

सुसर नाक खाली खुपसून रुतली होती. शेपूट वर. चिखलाने तिला गळ्यापर्यंत गिळलं होतं. नाथाने दोरी टाकली, पाच-सहा जणांनी हेऽऽ करून ओढ दिली. सुसर इंचभर हलली आणि आणखी खाली बसली.

"ओढू नका!" सुभेदार आणि मंजुळा एकदमच ओरडले.

पुढचं काम मंजुळेने केलं. होडीतल्या फळ्या चिखलावर टाकून ती पोटावर सरपटत गेली. सलवार-कुर्ता, केस, कान, सगळं काळं. पिशवी तिने दुमडून सुसरीच्या नाकाजवळ चिखलात हात खांद्यापर्यंत घालून आत ढकलली. "पंप!" ती ओरडली. नाथा पायाने पंप मारायला लागला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. काहीच होईना. मग चिखलात एक बुडबुडा आला. दुसरा आला. आणि मग चिखलाने असा काही गलिच्छ, लांबलचक आवाज केला, की मनुबाईने पदर तोंडाला लावला आणि बाकीचे हसून होडीत आडवे झाले. सुसरीचं नाक वर आलं. दोरीच्या एका हिसक्याने ती चिखलावर सरळ झाली आणि तुरुतुरु घसरत होडीला येऊन धडकली.

धोंडीबा तिच्या फळ्या चाचपून बघत होता, आजारी म्हशीला चाचपावं तसा. "एक बोल्टबी ढिला न्हाई," तो म्हणाला आणि आता मात्र त्याला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. सगळा कोळीवाडा भिंतीवर बसला होता. सबनीसांनी भिंतीवर बसू नका असं सांगायचा एकदा प्रयत्न केला. मनुबाईने त्यांना जवळ बसायला जागा करून दिली. ते बसले नाहीत, पण परत बोललेही नाहीत.

फौजेच्या माणसांनी हॉवरक्राफ्ट चिखलावर आणलं आणि पंखा बंद केला. रबरी घागरा फुस्स करून खाली बसला, होडीने चिखलात पोट टेकलं. सोबत आलेल्या मेजरांनी आधी जीपच्या दोरीने ओढून दाखवायला सांगितलं. दोरी ताणली, किरकिरली, होडी हलली नाही. मग मंजुळेने सुसरीची दोरी हातात घेतली. सीताराम कडेने धरायला आला. धोंडीबा मागून ढकलायला. शेंदरी नाक होडीच्या पोटाखाली सरकलं. नाथाने पंपावर पाय ठेवला.

कालचाच तो गलिच्छ आवाज झाला, पण चौपट मोठा. होडी एका बाजूने उचलली. पंखा सुरू झाला. चिखलाचा एक झोत उडाला तो मेजरांच्या टोपीपासून बुटापर्यंत, सुभेदारांच्या मिशीपासून सबनीसांच्या इस्त्रीपर्यंत सगळ्यांना सारखं रंगवत. होडी चिखलावरून तरंगत सुटली आणि खाडीत एक वळसा घालून परत आली. भिंतीवरून शिट्ट्या, ढोल, आरोळ्या. सुभेदार हसता हसता धक्क्यावर खाली बसले.

मेजरांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला. त्यांनी हात पुढे केला नाही, अभिनंदन केलं नाही. ते सुसरीकडे बघत राहिले, मग खाडीच्या मुखाकडे, जिथे चिखल आणखी काळा आणि आणखी मऊ होता.

"इथे उथळ आहे बाई," ते म्हणाले. "तिकडे खऱ्या दलदलीत बसवलं हॉवरक्राफ्ट, पूर्ण घागरा बुडेपर्यंत, तर काढाल?"

सगळे मंजुळेकडे बघायला लागले. तिने कपाळावरचे ओले केस बाजूला सारले, तेवढ्यात उरलेलं कपाळही काळं झालं.

"अडकवा ना साहेब," ती म्हणाली. "हवं तेवढं खोल अडकवा."